मुंबईचे सागवान, हार्टलपूलचा धक्का : ‘ट्रिन्कोमाली’ या संग्रहालय-जहाजाचे ऐतिहासिक वाचन

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपण कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि वास्तू यांचा प्रामुख्याने उल्लेख करतो. जहाज हे साधन या यादीत क्वचितच येते. याचे कारण उघड आहे. लाकडी जहाज टिकत नाही. ते बुडते, जळते, कुजते किंवा मोडीत निघते. किल्ला ढासळला तरी त्याचे जोते राहते. जहाजाचे तेवढेही राहत नाही. त्यामुळे एखादे शिडाचे जहाज दोनशे वर्षांहून अधिक काळ पाण्यावर तरंगत राहिले असेल, तर तो इतिहासाच्या अभ्यासकास लाभलेला दुर्मीळ योग मानावा लागेल.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात असे एक जहाज आहे. त्याचे नाव ‘ट्रिन्कोमाली’. इंग्लंडमध्ये तरंगत्या स्थितीत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ते ओळखले जाते. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज त्याहून जुने आहे. परंतु ते पोर्ट्समथ येथे कोरड्या गोदीत उभे आहे. ‘ट्रिन्कोमाली’ मात्र आजही पाण्यावर आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की हे जहाज इंग्लंडमध्ये बांधलेले नाही. ते मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून, जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात सोडण्यात आले.

हे कळल्यावर आपल्या मनात प्रथम अभिमान दाटून येतो आणि तो अस्थानी नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तेवढ्यावर थांबता येत नाही. हे जहाज कोणासाठी बांधले गेले, त्याचे लाकूड कोणत्या व्यवस्थेतून आले, ते पाण्यात उतरले त्या महिन्यात महाराष्ट्रात काय चालले होते, आणि आज संग्रहालय म्हणून ते कोणता भूतकाळ दाखविते, हे प्रश्न विचारले असता अभिमानाच्या जोडीला अस्वस्थताही येते. या दोन्ही भावना एकत्र ठेवूनच हे जहाज वाचले पाहिजे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

मुंबईची गोदी आणि वाडिया घराणे

ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात मुंबई आल्यानंतरही प्रारंभीच्या काळात जहाजबांधणीचे प्रमुख केंद्र सुरत हेच होते. १७३६ च्या सुमारास कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी या पारशी कारागिरास काही सुतारांसह मुंबईस आणले. ‘वाडिया’ या आडनावाचा अर्थच जहाज बांधणारा असा आहे. लवजींच्या देखरेखीखाली १७५० मध्ये मुंबईची पहिली कोरडी गोदी पूर्ण झाली आणि पुढील पंधरा वर्षांत तिचा विस्तार होत गेला. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावे, दरवाजे बंद करून पाणी काढावे आणि कोरड्या तळावर त्याची डागडुजी करावी, ही सोय आशियाच्या किनाऱ्यावर त्या काळी फार मोठी होती. मुंबईस भरती-ओहोटीतील अंतर पुरेसे असल्याने निसर्गही या कामास अनुकूल होता.

लवजींच्या पश्चात त्यांचे पुत्र माणेकजी व बोमनजी आणि त्यानंतर नातू फ्रामजी व जमशेदजी अशी ही परंपरा चालू राहिली. १७३६ पासून १८८४ पर्यंत या एकाच घराण्यातील प्रमुख बांधकारांच्या हाताखाली लहानमोठी मिळून साडेतीनशेच्या आसपास जहाजे तयार झाली, अशी गणना केली जाते. कंपनीने या घराण्याचा गौरव चांदीची मोजपट्टी देऊन केला. गोदीतील कारागिराच्या हातातील साधनच सन्मानचिन्ह म्हणून निवडले जावे, यात एक औचित्य होते.

जमशेदजी बोमनजी यांच्या काळात मुंबईच्या गोदीने मोठी मजल मारली. १८१० मध्ये ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे जहाज रॉयल नेव्हीसाठी येथे तयार झाले. त्यामागोमाग ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) आणि ‘वेलस्ली’ (१८१५) ही जहाजे आली. याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनला पराभूत अवस्थेत नानकिंगचा तह करावा लागला. जमशेदजींच्या निधनानंतर, १८२४ मध्ये मुंबईतूनच पाण्यात उतरलेले ‘एशिया’ हे जहाज १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईत इंग्रज नौसेनापतीचे प्रमुख जहाज होते. मुंबईच्या सुतारांनी घडविलेली जहाजे अशा रीतीने चीनपासून ग्रीसपर्यंतच्या इतिहासात वावरली. परंतु ती कोणाचे राज्य वाढविण्यासाठी वावरली, याचा विसर पडू देता कामा नये.

या काळाविषयी वाडिया घराण्याच्या इतिहासात एक आख्यायिका सांगितली जाते. जमशेदजींनी १८०० मध्ये बांधलेल्या एका जहाजाच्या आतील तुळईवर, हे जहाज एका ‘काळ्या’ माणसाने बांधले आहे, अशा आशयाचा मजकूर त्यांनी स्वतः कोरून ठेवला होता. गोऱ्यांनी वापरलेला तुच्छतादर्शक शब्दच त्यात योजला होता. अनेक वर्षांनी ते जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आल्यावर त्यांनी तो मजकूर दाखविला. ही कथा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, यावरून सन्मान स्वीकारणाऱ्या त्या घराण्याच्या मनात अवमानाचीही नोंद राहिली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

आराखड्यांचा प्रवास

‘ट्रिन्कोमाली’ हे ‘लेडा’ या वर्गातील फ्रिगेट होय. फ्रिगेट म्हणजे वेगवान, मध्यम आकाराची युद्धनौका. टेहळणी, व्यापारी तांड्यांचे संरक्षण आणि शत्रूच्या व्यापारी जहाजांचा पाठलाग ही तिची मुख्य कामे असत. या जहाजाची तोफांच्या मजल्यावरील लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट असून त्याची गणना ३८ तोफांच्या वर्गात होत असे. त्याचे नाव श्रीलंकेतील बंदरावरून, म्हणजे त्या बंदराजवळ १७८२ मध्ये इंग्रज व फ्रेंच आरमारांत झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ ठेवण्यात आले.

जहाज बांधण्याचा हुकूम ऑक्टोबर १८१२ मध्ये निघाला. त्याचे आराखडे ‘जावा’ या इंग्रज फ्रिगेटवरून मुंबईकडे रवाना झाले. परंतु त्या वेळी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन जहाजाने ‘जावा’चा पराभव केला. ते इतके जायबंदी झाले होते, की विजेत्यांनी ते नष्टच केले. आराखडेही गेले. नव्या प्रती दुसऱ्या जहाजाने पाठवाव्या लागल्या.

या घटनेला महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडणारा एक धागा आहे. ‘जावा’वर सर थॉमस हिस्लॉप हे सेनाधिकारी प्रवासी म्हणून होते. मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. ते अमेरिकनांच्या हाती सापडले व पुढे सुटले. हेच हिस्लॉप पुढे मद्रासच्या सैन्याचे प्रमुख झाले आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव त्यांच्याच सेनापतित्वाखाली झाला. म्हणजे एकाच जहाजावर मुंबईत बांधावयाच्या फ्रिगेटचे आराखडे होते आणि मराठ्यांच्या एका प्रमुख सत्तेचा पराभव करणारा सेनापतीही होता. यात कार्यकारण शोधण्याचे प्रयोजन नाही. मात्र नौदल, सैन्य आणि प्रशासन हे साम्राज्याचे वेगवेगळे विभाग आपण स्वतंत्र प्रकरणांत शिकवितो, ते प्रत्यक्षात एकाच गलबतातून प्रवास करीत होते, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

गोदीत इतर जहाजांची कामे चालू असल्याने ‘ट्रिन्कोमाली’चा कणा १८१६ मध्ये बसविला गेला. त्या प्रसंगी जमशेदजींनी पारशी प्रथेप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला. जहाजाच्या कुशलतेसाठी हा विधी आवश्यक मानला जाई. आराखडा लंडनचा, मालकी इंग्रज राजाची, नाव श्रीलंकेच्या बंदराचे आणि शुभारंभाचा विधी पारशी, असा हा संगम होता.

सागवान : टिकाऊपणाची किंमत

हे जहाज आजपर्यंत टिकले त्याचे पहिले श्रेय सागवानास द्यावे लागते. इंग्लंडमध्ये युद्धनौका ओक वृक्षाच्या लाकडाच्या असत. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे व पट्ट्या गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड खराब होते. सागवानातील तेल उलट लोखंडाचे रक्षण करते. ते लाकूड सहसा कुजत नाही, वाळवी व समुद्रातील लाकूडपोखरे कीटक यांना बराच काळ दाद देत नाही. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडमधील ओकचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा नौखात्याची दृष्टी मुंबईकडे वळली ती याच कारणाने. १९९० नंतरच्या जीर्णोद्धारानंतरही या जहाजाच्या सांगाड्यातील साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचे आहे, असे सांगितले जाते. लाकडी जहाजाच्या बाबतीत हे प्रमाण असाधारण होय.

परंतु हे सागवान आले कोठून, हा प्रश्न येथे सोडून देता येत नाही. मलबारच्या जंगलांवर आपला ताबा असावा, यासाठी कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. भारतातील हे पहिलेच वनसंरक्षकपद. पुढच्याच वर्षी सागवानावर कंपनीचा सार्वभौम हक्क जाहीर झाला. खाजगी मालकांच्या जमिनीवरील सागाची झाडेही त्यांना तोडता किंवा मुक्तपणे विकता येईनात. जमीनमालक, व्यापारी आणि रानावर पोट असलेले लोक या सर्वांत असंतोष माजला. अखेरीस १८२३ मध्ये टॉमस मन्रो यांच्या कारकिर्दीत हे पद रद्द करण्यात आले. ‘ट्रिन्कोमाली’ची बांधणी या मक्तेदारीच्या ऐन भरात झाली.

पुढे काय झाले तेही उद्‌बोधक आहे. सागाची नैसर्गिक जंगले इतकी विरळ झाली, की १८४० च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांना निलांबूर येथे सागाची लागवड हाती घ्यावी लागली. आज ती जगातील सर्वांत जुन्या साग-लागवडींपैकी एक म्हणून दाखविली जाते. थोडक्यात, एकाच मागणीची दोन स्मारके शिल्लक आहेत. एक हार्टलपूलच्या धक्क्याला बांधलेले आहे आणि दुसरे निलांबूरच्या रानात उभे आहे. पहिले पाहणाऱ्यास दुसऱ्याची आठवण करून देणे, हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे.

ऑक्टोबर १८१७

जहाज पाण्यात उतरले तो दिवस १२ ऑक्टोबर १८१७. त्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर रोजी, खडकीची लढाई झाली. जूनमध्ये पुण्याचा तह बाजीरावावर लादला गेला होता आणि ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या आसपास दोन्ही बाजूंच्या फौजांची जमवाजमव चालू होती. नोव्हेंबरअखेर सीताबर्डी, डिसेंबरात महिदपूर, १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव आणि जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती, असा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. जहाजावर शेवटचा हात फिरविला जात असतानाच पेशवाई संपत होती.

समुद्रावरील निर्णय मात्र त्याच्या साठ वर्षे आधीच लागला होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या या मोहिमेत नानासाहेब पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभे होते. त्या वेळी मुंबईची कोरडी गोदी अवघी सहा वर्षांची होती. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत, गिर्ये येथे, मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहता येते. तीत बांधलेल्या गुराबा व गलबते मात्र एकही उरली नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर जहाज बांधण्याचे कौशल्य दोन्हीकडे होते. पण ज्या बाजूस सातत्याने पैसा, जंगल आणि राजकीय इच्छाशक्ती लाभली, त्या बाजूची गोदी वाढत गेली. दुसऱ्या बाजूचे आरमार आपल्याच सत्तेच्या संमतीने जळाले. ‘ट्रिन्कोमाली’कडे पाहताना मराठी अभ्यासकास या गोष्टीची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

मुंबईच्या जहाजांना इंग्लंडमध्येही निर्वेध स्वागत मिळाले असे नाही. भारतात बांधलेली जहाजे थेम्स नदीत माल घेऊन येऊ लागली, तेव्हा लंडनच्या जहाजबांधकांनी आपला धंदा बुडेल म्हणून ओरड केली. १८१४ नंतरच्या कायद्यांनी भारतीय खलाशांना, ते कंपनीच्या मुलखात जन्मलेले असले तरी, ‘ब्रिटिश खलाशी’ म्हणून गणण्याचे नाकारले आणि जहाजावरील ब्रिटिश खलाशांच्या प्रमाणाची अट घातली. नौदलास मुंबईचे सागवान हवे होते. मुंबईच्या व्यापारी जहाजाची स्पर्धा मात्र नको होती.

एका जहाजाची दोन नावे

‘ट्रिन्कोमाली’ मुंबईहून निघून जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेना बेटावर थांबले. त्या वेळी नेपोलियन तेथे कैदेत होता. बेटावरून निघताना, नेपोलियनवर उपचार केलेले स्टोको नावाचे शल्यचिकित्सक या जहाजातून इंग्लंडला गेले. ३० एप्रिल १८१९ रोजी जहाज पोर्ट्समथला पोहोचले. तोवर ज्या युद्धासाठी ते मागविले होते ते संपून चार वर्षे झाली होती. साहजिकच ते राखीव ताफ्यात टाकण्यात आले व सुमारे पाव शतक तेथेच पडून राहिले.

१८४५ च्या सुमारास त्याच्या पिछाडीचा आकार बदलून व तोफांची संख्या २६ वर आणून ते पुन्हा सज्ज केले गेले. १८४७ ते १८५० या काळात उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज येथे आणि १८५२ ते १८५७ या काळात पॅसिफिक महासागरात त्याने सेवा केली. त्यानंतर वाफेच्या जहाजांपुढे त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. मग ते नौदलाच्या राखीव जवानांच्या शिक्षणासाठी वापरात आले. १८६० च्या व १८७० च्या दशकांत ते काही वर्षे वेस्ट हार्टलपूल येथेच होते.

१८९७ मध्ये ते मोडीत काढण्यासाठी विकले गेले. त्याच सुमारास व्हीटली कॉब या गृहस्थांचे ‘फूद्रॉयाँ’ नावाचे शिक्षण-जहाज वादळात सापडून ब्लॅकपूलजवळ नष्ट झाले होते. त्याच्या जागी त्यांनी ‘ट्रिन्कोमाली’ विकत घेतले व त्यास ‘फूद्रॉयाँ’ हेच नाव दिले. पुढे १९८६ पर्यंत, फालमथ, मिलफर्ड हेवन व १९३२ नंतर पोर्ट्समथ येथे, या जहाजावर मुलामुलींना समुद्रजीवनाचे धडे दिले गेले. सुमारे नव्वद वर्षे ते परक्या नावाने जगले. मूळ नाव त्यास १९९२ मध्ये परत मिळाले.

हा तपशील केवळ कुतूहलाचा नाही. लाकडी जहाज टिकण्यास चांगले लाकूड पुरत नाही. ‘वेलस्ली’ हेही मुंबईचेच, सागवानाचेच जहाज होते. तेही शिक्षणकार्यात वापरले जात होते. परंतु १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बफेकीत ते नष्ट झाले. जहाज टिकते ते लाकडामुळे, उपयोगामुळे, कोणाच्या तरी आस्थेमुळे आणि काही अंशी योगायोगामुळे. यांतील लाकूड आपल्या हाती नसते. उपयोग आणि आस्था या माणसाच्या निवडी आहेत.

जीर्णोद्धार आणि प्रदर्शन

हार्टलपूल हे एकेकाळी जहाजबांधणीचे गाव होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील हा उद्योग बंद पडला. त्यानंतर ‘वॉरियर’ या जुन्या लोखंडी युद्धनौकेचा जीर्णोद्धार तेथे झाला आणि जून १९८७ मध्ये ती पोर्ट्समथला गेली. पुढच्याच महिन्यात ‘ट्रिन्कोमाली’ तराफ्यावरून तेथे आणण्यात आले. बंद पडलेल्या कारखान्यांतील हातांना पुन्हा काम मिळाले. १९९० ते २००१ या काळात चाललेल्या या कामास सुमारे एक कोटी पौंड खर्च आला. सभोवतालच्या धक्क्यावर अठराव्या शतकातील इंग्रजी बंदराचा देखावा उभारण्यात आला.

आज जहाजावर चढणारा प्रेक्षक प्रथम उघड्या मजल्यावर येतो. डोलकाठ्या, दोरखंडांचे जाळे आणि सुकाणूचे चक्र पाहून तो खाली तोफांच्या मजल्यावर उतरतो. दोन्ही बाजूंस तोफांच्या खिडक्या आणि मागील टोकास कप्तानाची प्रशस्त खोली. त्याखालील मजला खलाशांचा. तेथे उंच माणसास ताठ उभे राहता येत नाही. तीनशेच्या आसपास माणसे येथे जेवत व झोळ्या टांगून झोपत. अगदी तळाशी पाण्याची पिंपे, धान्य आणि जहाजाचा तोल राखणारे वजन. जसजसे खाली जावे तसतसा उजेड आणि माणसाचा दर्जा दोन्ही कमी होत जातात. समाजरचनेचा हा धडा कोणत्याही तक्त्यापेक्षा लवकर समजतो. अभ्यासकाने मात्र याच्या पुढे जाऊन हात लावावा तो तुळयांना. त्यांवर मुंबईच्या सुतारांचे वाकस आणि पटाशी फिरलेली आहे.

जीर्णोद्धार म्हणजे निवड. या जहाजाची विश्रांतीची पंचवीस वर्षे, पॅसिफिकमधील फेऱ्या, शिक्षण-जहाज म्हणून गेलेली नव्वद वर्षे आणि मुंबईतील बांधणीचे दिवस, हे सर्व त्याचे आयुष्य आहे. परंतु आसपासचा देखावा प्रेक्षकास नेल्सन-नेपोलियनच्या काळातील इंग्रज बंदरात नेतो. त्या युद्धांत या जहाजाने एकही तोफ डागलेली नाही; ते संपल्यानंतर दोन वर्षांनी ते पाण्यात उतरले. प्रेक्षकास जो काळ पाहावासा वाटतो, तो जहाजावर चढविला जातो. यात फसवणुकीचा हेतू नसतो. तरीही संग्रहालय पाहताना ‘येथे काय आहे’ याबरोबर ‘कोणता काळ निवडला आणि का’ हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे.

जहाजाच्या नाळेवरील पुतळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो फेटा घातलेल्या, पूर्वेकडील एका पुरुषाचा अर्धपुतळा आहे. हा कोणी विशिष्ट माणूस नव्हे. इंग्रजी कल्पनेतील ‘पूर्व’ तेथे कोरलेली आहे. ज्यांनी हे जहाज प्रत्यक्ष घडविले त्या पूर्वेकडील माणसांपैकी जमशेदजींचे नाव इतिहासात राहिले. कप्तानांची नावे राहिली, शल्यचिकित्सकाचे राहिले. करवत चालविणारे, फळ्या वाकविणारे, फटींत काथ्या व राळ भरणारे शेकडो कारागीर मात्र अनामिक झाले. त्यांची सही असेल तर ती लाकडाच्या जोडांत आहे. ती वाचण्यासाठी जहाजाचे जतन होणे हाच एक मार्ग होता आणि तो परदेशात, परक्या कारागिरांच्या कष्टाने मोकळा झाला, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे.

आपल्याकडील प्रश्न

या ठिकाणी आपल्याच बंदरातील एक अलीकडची घटना आठवते. ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका. तिची बांधणी इंग्लंडमध्ये झाली होती. १९७१ च्या युद्धात तिने मोठी कामगिरी बजावली. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि २००१ मध्ये मुंबईत संग्रहालय म्हणून खुली झाली. देखभालीअभावी ती असुरक्षित ठरून २०१२ मध्ये बंद करण्यात आली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप फेटाळल्यानंतर ती मुंबईतच मोडीत निघाली. मुंबईने बांधलेले जहाज इंग्लंडने जतन केले आणि इंग्लंडने बांधलेले, पण आपल्या इतिहासाचा भाग झालेले जहाज मुंबईने मोडले. लोखंडी नौकेची देखभाल महाग असते हे खरे. लाकडी जहाजाचीही ती स्वस्त नसते. फरक पडला तो ही जबाबदारी कोणी तरी सातत्याने उचलण्यात.

‘ट्रिन्कोमाली’ परत आणावे अशी मागणी करण्याचे कारण नाही. त्याचे दीर्घ आयुष्य तेथेच गेले आहे. मात्र त्याच्या जन्माची बाजू येथे अभ्यासली गेली पाहिजे. मुंबईची जुनी गोदी आजही नौदलाच्या आवारात वापरात आहे. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे मिस्त्री अद्याप आहेत; त्यांची संख्या व कामे घटत आहेत. त्यांच्या शब्दसंग्रहाची, मोजमापांची आणि जोडपद्धतींची नोंद करणे हे किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व मराठी विभागांना सहज शक्य आहे. गिर्ये येथील गोदीस क्षेत्रभेट, वाडिया घराण्यावरील साहित्याचे वाचन आणि सागवान-मक्तेदारीचा अभ्यास, हे तिन्ही एका प्रकल्पात गुंफले तर प्रादेशिक इतिहास जागतिक इतिहासाशी कसा जोडलेला असतो, हे विद्यार्थ्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

समारोप

‘ट्रिन्कोमाली’ हे भारतीय कारागिरीचे स्मारक आहे, हे विधान खरे आहे. ते साम्राज्याच्या गरजेचे स्मारक आहे, हेही तितकेच खरे आहे. मलबारचे रान, मुंबईची गोदी, लंडनचा आराखडा, ब्राझीलजवळ बुडालेले कागद आणि पुण्यातील शेवटचा ऑक्टोबर हे सर्व या एका लाकडी सांगाड्यात एकत्र आलेले आहेत. आराखडे नष्ट करणारे ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे जहाजही आज बॉस्टन येथे तरंगत आहे आणि लोक ते पाहावयास जातात. काळाच्या ओघात वैरी जहाजेसुद्धा शेजारी-शेजारी इतिहासाची साधने होऊन बसतात. त्यांच्याकडून काय शिकावयाचे हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

जमशेदजींनी ठोकलेला चांदीचा खिळा जहाजाच्या कल्याणासाठी होता. ते कल्याण जहाजाला लाभले. ज्यांनी ते बांधले त्यांच्या वंशजांकडे आता काम उरले आहे ते त्यांची आठवण जपण्याचे, आणि ती जपताना तिच्यातील अभिमान व वेदना यांपैकी एकही बाजू न वगळण्याचे.